उसनी फुंक

काढणीच्या दिवसांत नाक मरतं. कांदा डोळ्यांत असतो, केसांत असतो, भाकरीत असतो, अंथरुणात असतो. दुसरा कसलाच वास उरत नाही.

०

कंपनीच्या भिंतीला लागून पाण्याचा माठ ठेवला तर त्यातलं पाणी सारखं शहारत राहतं. आत पत्रा ठोकणाऱ्या प्रेस चालू असतात.

०

विहीर बुजवायला डंपर आले तेव्हा तळाला पाणी होतं. मुरूम पडेल तसं ते वर वर येत गेलं, काठाशी आलं, गढूळ झालं आणि दिसेनासं झालं.

०

"मॅडम, ह्या फुंकायच्या मशीनला चकणा लागतो का?"

सगळी शिफ्ट हसली. मॅडमही हसल्या. "नाही हो," त्या म्हणाल्या, "ते उपाशीपोटीच काम करतं."

०

फुंकणी ही चुलीजवळची वस्तू. तिचं एक टोक माणसाकडं, एक आगीकडं.

०

ज्योतीरामच्या घरचं शिवार कंपनीखाली गेलं तेव्हा दोन गोष्टी मागं राहिल्या. ओढ्याच्या अंगाचा एक पट्टा; त्यात अजून कांदा व्हायचा. आणि ज्योतीरामची नोकरी. जमीन दिली म्हणून मिळालेली, कायमची. चाकणच्या आसपास कायमची नोकरी जमिनीसारखीच झाली आहे. एकदा गेली की परत होत नाही.

त्याला ज्या प्रेसवर लावलं ती आपल्या विहिरीवरच उभी आहे, असं तो म्हणायचा. त्याची आई छबूबाई म्हणायची, "इहीर तिथं न्हवती. इहीर पल्याड, तुमच्या त्या संडासाच्या अंगाला." मायलेकांचं यावर कधी जमलं नाही. जेवताना विषय निघाला की ज्योतीराम भाकरीवर बोटानं शिवार आखायचा. हा बांध, ही चिंच, ही इहीर. आणि आखता आखता ते सगळं खाऊन टाकायचा.

त्याची बायको शालन त्याच कंपनीच्या कँटीनमध्ये ठेकेदाराकडं होती. सकाळचे पोहे, चहाचा गाडा, दुपारची भाजी. दोघं एकाच मोटारसायकलवर यायची. गाडी शालन चालवायची, ज्योतीराम मागं तिच्या खांद्यावर कपाळ टेकवून बसायचा. सुरुवातीला गावानं हे पाहिलं. पुढं गावाला ते दिसेनासं झालं.

०

गेटसमोरच्या टपरीवर बुक्कीनं फोडलेला कांदा ताटलीत ठेवलेला असायचा. फुकट. शिफ्टला जाणाऱ्यांपैकी ज्यांना लागायचा ते उचलायचे, दोन पाकळ्या चावायचे, आणि कुणाकडं न बघता रस्ता ओलांडायचे. पहाटेच्या घोटावर कांद्याचं पांघरूण. कोण कांदा खाऊन आत येतं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळं कांद्याचा वास हाच दारूचा वास झाला होता.

शॉपवर, म्हणजे प्रेस चालतात त्या शेडमध्ये, सुपरवायझर धम्मरत्न. कासारवाडीचा. त्याच्या वडिलांची हयात पिंपरीत एका कारखान्यात लेथवर गेली होती. यंत्रासमोरच्या माणसाचे खांदे बघून त्याला माणूस कळायचा. सकाळी तो ज्योतीरामच्या खांद्यांकडं बघायचा आणि म्हणायचा, "भाऊ, आज झाडू घ्या."

किंवा, "भाऊ, आज पॅकिंगला बसा."

किंवा काहीच म्हणायचा नाही, आणि त्या दिवशी ज्योतीराम प्रेसवर असायचा. असे दिवस कमी कमी होत गेले. ज्योतीराम झाडू चांगला मारायचा. लोखंडाच्या कपच्या गोळा करताना खाली वाकून जमिनीला कान लावल्यासारखा थांबायचा. पोरं म्हणायची, "काय राव, इहिरीत कोण पडलं?"

०

मागच्या थंडीत दुसऱ्या शिफ्टमधल्या एकाचा हात मनगटातून गेला. तो प्यालेला होता. त्यानंतर सुरक्षेचं बघायला अनुया मॅडम आल्या आणि त्यांच्यासोबत श्वासातली दारू ओळखणारं मशीन आलं. मुठीएवढं, पुढं पांढरी नळी. गेटवर प्रत्येकानं फुंकायचं. लाल दिवा लागला तर त्या दिवशी घरी. पुन्हा लागला तर चौकशी. फुंकायला नाही म्हटलं तर प्यालेला धरणार. आणि जो स्वतःहून येऊन सांगेल त्याला कंपनी उपचाराला पाठवेल, त्याची नोकरी जाणार नाही. हे सगळं लाऊडस्पीकरवर आधी मराठीत झालं, मग हिंदीत. मराठी संपत आलं तेव्हाच चहा आला, त्यामुळं नोकरी जाणार नाही हा भाग बऱ्याच जणांनी नीट ऐकला नाही.

शालननं ऐकला. तिचा विश्वास बसला नाही.

"लाऊडस्पीकरवर समदं ग्वाडच असतंय," ती छबूबाईला म्हणाली. "जमीन घेतली तवा बी मांडव घातला व्हता."

"जिलबी व्हती," छबूबाई म्हणाली.

०

मशीन लागलं त्या सकाळी गेटवर साहेबराव होता. गावचाच, शाळेत ज्योतीरामच्या बाकावर बसायचा. त्याच्या बापानं जमीन आधीच विकून टाकलेली. म्हणून त्याला नोकरी मिळाली नाही, वॉचमनची वर्दी मिळाली.

"ज्योत्या, फुंक."

ज्योतीराम नळीकडं बघत उभा राहिला. उन्हं तिरपी होती. तो उभ्या उभ्या झोपेत गेल्यासारखा दिसत होता.

साहेबराव हळूच म्हणाला, "घरी जा. प्वाट दुखतंय म्हण."

"परवा प्वाटच दुखत व्हतं," शालन म्हणाली. "काल पाठ."

मागं रांग वाढली. कुणीतरी ओरडलं, "भावा, फुगा फुगवतोय का काय?"

शालननं हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. "आना भावजी इकडं. फुंकणी तर हाय. फुंकणीला बाईनं काय भ्यायचं?" आणि तिनं फुंकलं. ओलं लाकूड पेटवताना फुंकतात तसं, सावकाश, छातीतलं सगळं काढून. दिवा हिरवा लागला.

साहेबरावनं दिव्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. "जा," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. दोघंही आत गेली.

०

विरजण उसनं आणावं तशी गेटवर फुंक उसनी मिळू लागली.

कँटीनमधली वर्षाली भावासाठी फुंकायची. झाडलोटीच्या बायांपैकी एक दिरासाठी फुंकायची आणि फुंकून झाल्यावर त्याच्या पाठीत धपाटा घालायची. साहेबराव तोंड रस्त्याकडं करून उभा राहायचा. एका विहिरीचं पाणी प्यालेली माणसं, त्याला कुणाला अडवता येईना.

"वैनी, माझं बी फुंका की," एक बिनलग्नाचा म्हणाला.

"आधी लगीन कर, मग आन तुझी तू फुंकायला," शालन म्हणाली. "माझ्या छातीत काय भाता हाय व्हय?"

रांग हसली. ज्योतीरामही हसला, बाकीच्यांपेक्षा जरा उशिरा.

आत गेल्यावर उजव्या हाताला फलक होता. त्यावर रोज किती जण प्यालेले सापडले ते लिहायचं होतं. रोज शून्य लिहिलं जायचं, हिरव्या खडूनं. दुपारच्या उन्हात ते शून्य पांढरं पडायचं आणि सकाळी पुन्हा हिरवं व्हायचं. धम्मरत्न शिफ्टला येताना त्या शून्याखालून जायचा. हळूहळू त्याला ते खरं वाटू लागलं. माणसांच्या खांद्यांकडं बघण्याची त्याची सवय मोडली.

०

अनुया मॅडम एकदा कँटीनमध्ये आल्या. मोशीवरून स्कूटीनं यायच्या, स्कार्फ अजून तोंडाला होता. तो सोडून त्या शालनसमोर उलट्या क्रेटवर बसल्या. शालन कांदा चिरत होती.

"शालनताई, एक विचारू? इतकं शून्य कसं येतंय?"

"चांगलंच हाय की मॅडम."

"चांगलं आहे. पण मला झोप येत नाही." त्यांनी एक कांदा उचलला, सोलू लागल्या. सोलता येत नव्हता. "माझे काका प्यायचे. घरात कुणी दारू हा शब्द उच्चारला नाही. सगळे म्हणायचे, त्यांना मायग्रेन आहे. माझी काकू ऑफिसला फोन करायची, आज त्यांचं डोकं दुखतंय. ते गेले तोपर्यंत आम्हाला डोकंच माहीत होतं."

शालनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कांद्याचं.

"कुणी असेल तर सांगा. पगार चालू राहतो. राजगुरुनगरच्या पुढं केंद्र आहे, चांगले लोक आहेत. नोकरी जात नाही, मी सांगते ना."

"आमच्यात न्हाई कुनी," शालन म्हणाली.

मॅडमनी अर्धवट सोललेला कांदा परत ठेवला. त्या गेल्यावर शालननं तो पुन्हा सोलला, पार आतपर्यंत, काही उरेना तोवर.

०

वैशाख. ओढ्याकडच्या पट्ट्यात कांद्याच्या माना पडल्या, कांदा काढणीला आला. शिफ्ट सुटली की शालन थेट रानात. छबूबाई आधीपासून बसलेली, डोक्यावर ओलं फडकं. दोघी विळ्यानं पात कापायच्या. कापलेल्या पातीचे ढीग, कांद्याचे ढीग, मध्ये दोन बाया. कंपनीच्या पत्र्यावरून ऊन परतून त्यांच्यावर पडायचं. प्रेसचा ठोका जमिनीतून पायांत यायचा. विळा नकळत त्या ठोक्यावर चालायचा. कधी हात कुणाचा आणि ठोका कुणाचा हे कळेनासं व्हायचं.

ज्योतीराम कांदाचाळीत पाटी ओतायचा आणि तिथंच सावलीला बसायचा. फटींमधून उन्हाच्या पट्ट्या त्याच्यावर पडायच्या. बाटली चाळीतच कुठंतरी असायची. शालन शोधायला जात नसे. कांद्यात हात घालून बाटली शोधणारी बाई व्हायची तिची तयारी नव्हती.

०

बुधवारी गेटवर ती नेहमीसारखी फुंकत होती. एकाच्या घरी शुक्रवारचं लग्न होतं, आदल्या दिवशीची हळद अजून कानामागं राहिलेली, तो रांगेत उभा होता. साहेबराव थट्टेच्या रंगात होता. म्हणाला, "ज्योत्या, तुझा श्वास बी आता वैनीच घेती का रं?"

रांग खूप हसली. हळदवाला खाली बसून हसला.

दिवसभर झाडू मारताना ज्योतीरामनं कुणाकडं पाहिलं नाही. शिफ्ट सुटल्यावर गाडीवर बसला तेव्हा शालनच्या खांद्यावर कपाळ टेकलं नाही. तिनं दोनदा मागं वळून पाहिलं, हा आहे की पडला.

०

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. ठोका बंद. शिवार इतकं शांत की पात कापल्याचा आवाज ऐकू यायचा.

ज्योतीराम सकाळीच रानात येऊन पात कापायला बसला. बायांच्या ओळीत, त्यांच्यासारखाच. त्याचे हात इतके थरथरत होते की विळा दोनदा गळून पडला. घामानं सदरा अंगाला चिकटला. बांधाकडं जाऊन तो ओकला, परत येऊन बसला.

"सकाळच्या पारी एवढी?" शालन म्हणाली. "आवं, जरा लाज वाटू द्या. शेजारी तुमची आय बसलीया."

तो कापत राहिला.

"ऊन लागलंय त्याला," छबूबाई म्हणाली.

"ऊन बाटलीत भरून मिळतंय व्हय आत्याबाई?"

"मी बाटली म्हनलं का? ऊन म्हनलं." म्हातारीनं आपल्या डोक्यावरचं ओलं फडकं काढून लेकाच्या डोक्यावर टाकलं. ते त्याच्या डोळ्यांवरून खाली आलं. त्यानं ते तसंच राहू दिलं. फडक्याखालून तो कितीतरी वेळ कापत होता. संध्याकाळी शालननं त्याचा ढीग पाहिला. बरेच कांदे मानेऐवजी पोटात कापले गेले होते. असे कांदे साठवत नाहीत, लगेच खावे लागतात.

०

शुक्रवारी गेटवर ज्योतीरामनं मशीनकडं हात पुढं केला. शालनला वाटलं तोल जातोय. तिनं डाव्या हातानं त्याचा दंड धरला, उजव्या हातानं मशीन घेतलं, फुंकलं. हिरवा.

"अगं," ज्योतीराम म्हणाला.

"चला. मागं लोक हायेत."

आत धम्मरत्न फोनवर होता. हळदवाल्याच्या घरचं लग्न, तो गेलेला. त्याच्याबरोबर वऱ्हाडात अजून दोघं. प्रेसला माणूस नव्हता.

"भाऊ, गेटवर झालं ना सगळं?"

"झालं," ज्योतीराम म्हणाला.

"मग आज प्रेस घ्या." धम्मरत्ननं पुन्हा फोन कानाला लावला.

०

प्रेसची दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा खाली येताना दोन्ही हात बटणावर असतात, आत नसतात. पण माल लवकर निघावा म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली असायची. मग एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पत्रा आत सारायचा, तयार नग बाहेर ओढायचा. सगळेच करायचे. जमून गेलं की हात आपोआप आत जातो, आपोआप बाहेर येतो.

शालन चहाचा गाडा घेऊन शॉपमध्ये आली तेव्हा तिला आधी त्याचे पाय दिसले. तो एकेक पाय उचलून ठेवत होता. पाण्यात उभा असल्यासारखा.

मग हात दिसला. आत गेलेला. ठोकळा वर होता. हात बाहेर आला, ठोकळा पडला. पुन्हा हात आत गेला, आणि तिथं थांबला. बोटं पत्र्यावर थरथरत होती. तो खाली जमिनीकडं बघत होता, चेहऱ्यावर हसू होतं. ओळखीचं माणूस खूप दिवसांनी दिसल्यावर येतं तसं. दुसरा हात बटणाकडं चालला होता.

तिनं गाडा सोडला. यंत्रं थांबवायचं लाल बटण कुठं आहे हे कँटीनच्या बायांनाही शिकवलेलं होतं. तिनं ते तळहातानं दाबलं.

प्रेस थांबली. एकेक करून पुढच्याही प्रेस थांबल्या. चाकणमध्ये कामाच्या दिवशी अशी शांतता नसते. गाड्यावरून कलंडलेल्या किटलीतून चहा गळत होता. तेवढाच आवाज.

"गाडा मागं घे," ज्योतीराम तिला म्हणाला. "पानी आलंय."

०

अनुया मॅडम आल्या, साहेबराव मशीन घेऊन आला, माणसं गोल करून उभी राहिली.

"काय झालं? बटण का दाबलं?" धम्मरत्न विचारत होता. "गेटवर हिरवा होता ना? साहेबराव, हिरवा होता ना?"

साहेबराव वर्दीच्या गुंडीशी चाळा करत होता.

"हिरवा माझा व्हता," शालन म्हणाली. "ह्यांचा न्हवं. ह्यांनी एकदा बी फुंकलेलं न्हाई. मशीन आलं तवापासून मीच फुंकतीया." मग ती मॅडमकडं वळली. "तुमी इचारलं तवा मी न्हाई म्हनले. मला वाटलं नोकरी वाचवावी. आता नोकरी नको. हात ऱ्हाऊ द्या."

तिच्यामागं वर्षाली रडायला लागली. आपल्या भावाचं नाव तिनं आपणहून सांगितलं.

अनुया मॅडमनी नवी नळी लावली आणि मशीन ज्योतीरामसमोर धरलं. हलक्या आवाजात म्हणाल्या, "दादा, एकदा फुंका. फक्त बघू."

ज्योतीराम आता जमिनीकडं बघत नव्हता. शालनकडं बघत होता. घामाचे थेंब त्याच्या हनुवटीवरून पडत होते.

"फुंका की," शालन म्हणाली.

"इतके दिस हिनं फुंकलं," तो म्हणाला. "आता बी हीच फुंकंल."

"भाऊ, नाही म्हटलं तर प्यालेला धरतात," धम्मरत्न कळवळून म्हणाला. "नियम आहे."

"धरा."

आणि त्यानं ओठ मिटून घेतले. कुणीतरी वाकून किटली सरळ केली.

०

साहेबरावची वर्दी दुसऱ्या कंपनीच्या गेटवर गेली, दुसऱ्या रंगाची झाली. शालन आणि वर्षालीला ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी येऊ नका सांगितलं. पाचरी काढल्या. फलकावरचं शून्य धम्मरत्ननं स्वतः पुसलं. नंतर तो घरी आला होता, दारात बूट काढून आत बसला. "चूक माझीपण आहे, ताई," म्हणाला. "मी बघायचं सोडलं." शालननं त्याला चहा दिला. छबूबाईनं त्याला विहिरीची जागा विचारली. त्याला माहीत नव्हती.

ज्योतीरामची नोकरी अनुया मॅडमनी वाचवली. आठवडाभर त्या वरच्या मजल्यावर भांडत होत्या, असं लोक सांगत. बायको येऊन सांगते म्हणजे घर स्वतःहून आलं असंच धरा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याला राजगुरुनगरच्या पुढच्या केंद्रात पाठवलं. शालन गुरुवारी भेटायला जायची, डब्यात भाकरी आणि पातीची भाजी. तिथं एका लिंबाखाली बाक होता, मागच्या भिंतीवर पाटी: दारू एकदम तोडू नका, हात थरथरतात, नसलेलं दिसतं. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसायची. तो भाकरी मोडायचा, पण तिच्यावर काही आखायचा नाही.

एकदा ती म्हणाली, "माझं चुकलं असंल, पर हात हाय."

त्यानं दोन्ही हात पुढं करून तिला दाखवले. मग पुन्हा भाकरी खाऊ लागला.

पावसाळ्यानंतर तो परत कामावर आला. प्रेसवर नाही, स्टोअरला. गाडी तो चालवतो. शालन आता दुसऱ्या एका कंपनीच्या कँटीनला आहे, त्याच रस्त्यावर पुढं. तो तिला गेटवर सोडतो, थांबत नाही. घरात दोघं एकमेकांशी बोलतात; पीठ, गॅस, आईची गोळी. शुक्रवारचं बोलत नाहीत. तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

प्रेस थांबली त्या आठवड्यात बुधवारच्या शिफ्टपासून ज्योतीराम एक घोटही प्यायला नव्हता.